पाण्यानं घेतलेलं जाळं

आषाढ तोंडावर आला की धरणाच्या भिंतीपाशी पाटी लागते. यंदाही लागली. माशांच्या विणीचे दिवस असल्याने मासेमारीस सक्त मनाई. बारीक फासाचं जाळं वापरू नये, सुरुंग लावू नये, पाण्यात विष कालवू नये, भिंतीजवळ गळ टाकू नये. नियम मोडेल त्याच्यावर कारवाई. खाली जागा उरली म्हणून रंगवणाऱ्याने एक मासाही काढलाय, हसरा, गालावर गुलाबी ठिपका असलेला. पाण्याबाहेर आलेला मासा हसताना मी तरी अजून पाहिलेला नाही.

रविवारी नांदेडहून, हिंगोलीहून मंडळी येतात. हातात रिळाचे गळ, डोक्यावर टोप्या, बसायला घडीच्या खुर्च्या. भिंतीवर उभं राहून फोटो काढतात आणि जाताना वारंगा फाट्याच्या ढाब्यावर तळलेला मासा खाऊन जातात. परवा त्यांतला एकजण पाटी वाचून माझ्याकडे आला. मी काठावर जाळं वाळवत बसले होते.

"मावशी, इथं बंदी खरंच पाळतात का? का नुसतीच पाटी?"

"पाळत्यात की. हाडं मोडून पाळत्यात."

तो हसला. बाई गमतीची आहे असं त्याला वाटलं असावं. आपल्या मित्रांना हाक मारून त्याने माझं वाक्य सांगितलं, तेही हसले. मीही हसले, कारण सांगायला बसले असते तर त्यांची संध्याकाळ वाया गेली असती. ते गेल्यावर मात्र मला काही सुचेना. बंदी लागली की दरवर्षी माझं असंच होतं. पाणी तांबडं व्हायला लागतं, काठावरच्या गवताचा ओला वास येतो आणि मला त्या एका आषाढात ओढून नेलं जातं.

मी मूळची कयाधूकाठची. आमच्याकडे बायका लुगड्याचा पदर धरून डोहातले झिंगे काढायच्या, त्यामुळे पोहायला मी चालण्याबरोबरच शिकले. दहावी झाले आणि लग्न होऊन या वस्तीत आले. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायचा होता, कोर्टकचेरीला परभणीच गाठावी लागे. जुनं गाव धरणाच्या पोटात गेलेलं, आणि बुडताना जे वर चढले त्यांची ही वस्ती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर उभ्या राहून बोटाने दाखवायच्या, ते तिथं आपलं घर, तो आड, ती चावडी. मला नुसतं पाणी आणि त्यातून वर आलेले बाभळीचे काळे खुंट दिसायचे.

त्या काळी बंदी कागदावर होती. खरं तर बंदीचे दिवस हेच मारण्याचे दिवस होते. पैनगंगेला पूर आला, ओढे तांबडे होऊन धरणात कोसळू लागले, की पोटात अंडी घेतलेला मासा उलट्या धारेनं वर चढतो. पाणी कुठं गुडघाभर, कुठं घोटाभर. निम्मी पाठ उघडी पडलेली असते आणि तरी तो वरच निघालेला असतो. त्याला मागं फिरायचं कळत नाही. आणि वर आम्ही उभे असायचो. आम्हीच नाही, सगळा मुलूख. शेतकरी काठ्या घेऊन, मेंढरांमागचे गडी डहाळी तोडायच्या कुऱ्हाडी घेऊन, बाया खुरपी घेऊन. ओढ्याचं पाणी दुसऱ्यांदा लाल व्हायचं, या खेपेला रक्तानं.

पहिल्या वर्षी मी ते काठावरून नुसतं पाहिलं. दोन हात लांबीचा कटला एका म्हाताऱ्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, ठेचला, तर फुटलेल्या पोटातून पिवळी गाभोळी, सगळी अंडी, भसाभस पाण्यात गेली आणि लहान मासे ती खायला धावले. म्हातारा त्यांच्यावरही कुऱ्हाड चालवत होता. कोणाच्या तोंडावर राग नव्हता. जत्रेत असतात तसे सगळे खुशीत होते, एकमेकांना हाका मारत होते, ओल्या अंगाने हसत होते. मी दोन-तीन वर्षांत सरावले. चौथ्या वर्षी माझ्याही हातात काठी होती आणि नेमकं डोक्यावर मारायचं मला जमत होतं. माणूस कशालाही सरावतो, हे मी कुठं वाचलेलं नाही, ओढ्यात उभं राहून शिकलेलं आहे.

सुरुंगवाले निराळे. ते बाहेरचे असत, विहिरी खोदणाऱ्यांकडून कांडी मिळवून येत. आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागायचा. चुलीवरचं भांडं थरथरलं की आत्याबाई भाकर थापता थापता शिवी घालायच्या. मग पाण्यावर पांढरी पोटं वर येत. त्यांना जेवढे हवेत तेवढे ते उचलत आणि बाकीचे तिथंच सडत. ज्या खोंगळीत, काठाच्या आत शिरलेल्या पाण्यात, सुरुंग झाला तिथं वर्षभर काही लागत नसे.

अशानं एक उन्हाळा असा आला की जाळी रिकामी येऊ लागली. दिवसभर वल्हवून टोपलीचं बूड झाकेना. तेव्हा वस्तीतल्या माणसांनी मरीआईच्या ओट्यावर बसून ठरवलं की सरकारची बंदी आता आपणच पाळायची. ओढे राखायचे, सुरुंगवाले दिसले की धरायचे, आणि आपल्यातल्या कोणी पोळ्यापर्यंत पाण्यात जाळं टाकलं तर त्याला सोडायचं नाही. सजा काय, यावर सगळे अडले. कोणी दंड म्हणालं, कोणी जेवणावळ म्हणालं. तेव्हा आमचे मालक उठले.

"दंडानं काही होत न्हाई. ज्याचं जाळं घावल त्याचा तराफा फोडायचा, जाळं जाळायचं, अन् त्यानं तीन साल पाण्याला पाय लावायचा न्हाई. मग तो माझा भाऊ असो, न्हाईतर मी असो."

आमच्या मालकांचं नाव मारोती. उंच, काळेशार, खांदे वल्ह्याने रुंद झालेले. बोलणं असं की समोरच्याला त्यात शिरायला फट मिळायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी घराच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि मला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू?

पहिला घावला तो सोपान. मालकांचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघं एकाच तराफ्यावर बसायचे. त्याने भर बंदीत बाभळबनाच्या आडोशाला जाळं लावलं होतं. राखणीची पाळी मालकांचीच होती. काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत, पण काठावर आले तेव्हा सोपानचा उजवा कोपर भलत्याच बाजूला वळला होता आणि मालकांच्या वल्ह्याला चीर गेली होती. सोपानची बायको छाती पिटत होती. मालकांनी त्याचा तराफा फोडला, जाळ्यावर रॉकेल ओतलं. तंगूस, जाळ्याचा नायलॉनचा धागा, जळताना फार घाण वास येतो, घशात बसतो. सोपान एका हाताने दुसरा हात धरून जाळाकडे बघत होता. त्याचा कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही.

तरी नेम चालला. पुढच्या वर्षी मासा वाढलेला दिसला, हेही सांगायला हवं. बंदी उठल्यावर असे रोहू आले की टेम्पो भरून नांदेडला गेले. मालकांना लोक वाट सोडून देऊ लागले. मारून मिळवलेला मान लवकर चढतो, आणि त्यांना तो चढला.

मग वैशाखातली ती दुपार. वावधान कुठून उठलं कळलं नाही. पाण्यावर उभ्या भिंतीसारखी धूळ आली, लाटा उठल्या. मालक एकटेच आत होते. आले तेव्हा अंगावर कापड नव्हतं, कपाळ फुटलं होतं, आणि जाळं नव्हतं. जुन्या गावाकडच्या खुंटांत ते अडकलं, ओढताना दोर तुटला, आणि वाऱ्याने तराफा फेकला. मी एकटीच काठावर होते. जखमेवर हळद दाबत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट पिळून धरलं.

"कुनाला बोलायचं न्हाई. इकलं म्हन. वारंग्याला गिऱ्हाईक मिळालं, इकलं."

त्यांनी असं का म्हटलं हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या वस्तीत एक समज आहे. जाळं फाटलं तर ते माणसाचं नशीब, चोरीला गेलं तर ते चोराचं पाप, पण पाण्याने जाळं घेतलं तर पाणी त्या माणसावर उलटलं. आज जाळं नेलं, उद्या माणूस नेईल. मग त्याच्याबरोबर तराफ्यावर कोणी बसत नाही, त्याच्या शेजारी कोणी जाळं लावत नाही. बंदी मोडणाऱ्या चोराची सजा संपते. पाण्याने टाकलेल्याची कधी संपली, असं कोणाच्या ऐकिवात नाही. मालकांचे चुलते असेच काठावर बसून म्हातारे झाले होते, आणि मालक लहानपणापासून त्यांना भाकर नेऊन देत आले होते.

मी विकलं म्हणून सांगितलं. लोकांनी विचारलं, एवढं चांगलं जाळं काहून इकलं? मी हसून टाळलं.

पण जाळं काही मेलं नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, आता रोज आठवते. माणसाच्या हातातून सुटलेलं जाळं तंगुसाचं असतं, ते कुजत नाही. ते पाण्यात उभं राहतं आणि मारत राहतं. मासा येतो, अडकतो, मरतो, सडतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. त्याला बंदी कळत नाही. धनी नसलेल्या जाळ्याइतकं निर्दय मी काही पाहिलं नाही, आणि मी पुष्कळ पाहिलंय.

आषाढात पहिला मोठा लोंढा आला आणि त्याने ते खुंटावरून उचललं. राखणीच्या माणसांना ते बाभळबनापाशी तरंगताना दिसलं. त्यांनी काठावर ओढून आणलं तेव्हा दुपार होती, ऊन-पावसाचा खेळ चालला होता, आणि वस्ती वास घेतच धावत आली. इतकं मरण मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. काट्यांचे नुसते सापळे, वर पिठासारखे पांढरे झालेले मासे, त्यांच्यावर कालपरवाचे, आणि सगळ्यांत वर अजून तडफडणाऱ्या माद्या, गाभोळीने फुगलेल्या. एक कासव. एक पाणकावळा, पंख पसरलेला, चोचीत फास.

मग सगळ्यांची नजर जाळ्याच्या तरंगांकडे गेली. जाळं वर तरंगावं म्हणून आमच्याकडे रबरी चपलांचे तुकडे कापून दोराला ओवतात. ज्या घरच्या चपला तसे तुकडे, त्यामुळे कोणाचं जाळं हे लांबूनही ओळखू येतं. त्या जाळ्याला पिवळे तुकडे होते. पिवळी चप्पल अख्ख्या वस्तीत एकटीची होती, माझी, लग्नातली. मीच ती विळीवर कापली होती.

"मारोत्या, इकलं म्हनत व्हतास नं?" सोपान म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता.

मालक उभेच राहिले. त्यांनीच केलेला नेम, त्यांनीच सांगितलेलं खोटं, आणि समोर ती सडलेली रास. ओट्यावर माणसं जमली. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता खरं सांगायला हवं. एका शब्दाने सुटतील. त्यांच्या चुलत्यांचं मला आठवलं, नाही असं नाही, पण मार खाण्यापेक्षा ते बरं असा माझा हिशेब होता. मी पुढे झाले. पुरुषांच्या बैठकीत तोपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं.

"जाळं ह्यांनी टाकलं न्हाई. वैशाखात वावधानात हरवलं. पाण्यानं नेलं. म्या सोता बघितलं, कपाळाला खोक बी पडली व्हती."

माझं बोलणं संपायच्या आत त्यांचा हात आला. उघड्या तळव्याचा, वल्हं धरून दगड झालेला. मी ओट्याच्या कडेवर पडले, कान बधिर झाला, तोंडात रक्ताची चव आली. माझी एक दाढ तिथं हलली ती पुढे पडलीच. पण त्याहून त्यांचं बोलणं लागलं. एका कानाने मी ते ऐकलं.

"खोटं बोलून राहिली ही. जाळं म्याच टाकलं. पाणी माझं काहून नेईल? म्या टाकलं, मला सजा द्या."

सगळ्या वस्तीपुढे त्यांनी मला खोटी ठरवलं. चोर व्हायला ते तयार झाले, पण पाण्याने टाकलेला माणूस व्हायला तयार झाले नाहीत.

सोपानने कुऱ्हाड उचलली. ती द्या असं त्याने कोणाला म्हटलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. डावखुरा झालेला तो माणूस आमच्या तराफ्यावर असा तुटून पडला की थर्मोकोलच्या पांढऱ्या लाह्या उडून पाण्यावर पसरल्या. तराफा संपला तरी हात थांबेना. मग कुऱ्हाडीचा दांडा मालकांवर वळला. पाठीत, बरगड्यांत, मांडीवर. मालकांनी हात वर केला नाही. प्रत्येक घावाला त्यांच्या छातीतून भाता दाबल्यासारखा आवाज निघत होता. मी पडल्या जागेवरून बघत होते. मला ओरडायचं होतं आणि मला आणखी बघायचंही होतं, दोन्ही एकदमच.

शेवटी आत्याबाई मधे शिरल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

"बास कर सोपान. नेमात तराफा व्हता, जाळं व्हतं. माझं लेकरू नेमात नव्हतं."

सोपान थांबला, खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. जाळं तिथंच पेटवलं, माशांसकट. तो धूर रात्रीपर्यंत वस्तीवर होता. कोणाच्या घरी भाकर गोड लागली नसेल.

सकाळी मी वीट तापवून त्यांच्या बरगड्या शेकल्या. माझा गाल सुजून डोळा झाकला होता. शेकता शेकता विचारलं, "काहून तसं म्हनलात?"

"चोराला तीन सालानं पानी मिळतं. तुज्या बोलन्यानं मला जलमभर मिळालं नसतं."

"अन् मी? मी समद्या वस्तीत खोटी पडले, त्याचं काय?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वीट जरा जास्तच दाबली. ते कण्हले.

या सगळ्याला आता वीसएक वर्षं झाली. जुने दिवस चांगले होते, माणसं सच्ची होती, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आता कोणी घावला तर साहेब येतो, कागद होतो, दंड होतो, हाडं शाबूत राहतात. हे चांगलंच आहे. पण त्या पाटीवरच्या ओळी वाचताना प्रत्येक ओळीखाली मला एक कोपर दिसतो, एक दाढ दिसते. नेम असा रंगाने लिहून होत नाही. आधी कोणीतरी कोणालातरी मारलेलं असतं, आणि मग शहाणी माणसं येऊन त्याला चांगल्या भाषेत लिहितात. मालकांना वाचता येत नाही. हे लिहून झालं की मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, सगळं, गाळगूळ न करता.

तीन साल पाण्याला पाय लावायचा नाही म्हणजे खायचं काय, हा प्रश्न बरगड्या जुळायच्या आधीच दारात आला. मालक काठी टेकत डोंगरकड्याकडे ऊसतोडीला गेले, पण वाकवेना म्हणून परत आले. मग वारंगा फाट्यावर ट्रकवर हमाली करू लागले. पाण्याचा माणूस, रस्त्याच्या कडेला धुळीने पांढरा झालेला, मला एकदा दिसला. मी एसटीत होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

त्या वर्षीची बंदी उठली तेव्हा मी फाट्यावरच्या टायरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या, थर्मोकोल बांधलं आणि तराफा पाण्यात लोटला. काठावर एकच गिल्ला झाला. बाई तराफ्यावर? बाईनं पाण्यावर बसलं की मासा तळाला जातो, पाणी आटतं, काय नि काय. कोणीतरी म्हणालं, मारोतीला सजा आहे, त्याच्या घरचा तराफा उतरायचा नाही. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"नेम मारोत्याला हाय. माझी सून मारोत्या न्हाई."

यावर बोलता येईना म्हणून त्यांनी हात चालवले. पहिल्याच महिन्यात माझं जाळं मधोमध कापलं. पुन्हा बांधलं, पुन्हा कापलं. एकदा खोल पाण्यात दोघांनी तराफा उलटा केला आणि बघत उभे राहिले. कयाधूच्या पोरीला बुडवायला निघाले होते! मी तळातून त्यांच्या तराफ्याखाली गेले आणि कंबरेच्या विळ्याने ट्यूबच फाडली. त्या दिवशी काठावर मी आधी पोहोचले, ते पुष्कळ मागून आले. त्यानंतर कापाकापी थांबली. तंगुसाने बोटांच्या पेरांत चिरा पडल्या, त्यांत मिठासारखं झोंबायचं, तळवे दगड झाले. माझे हात हळूहळू मालकांच्या हातांसारखे झाले. रात्री कूस बदलताना गालाला लागले की मी दचकायची.

घरात ते माझ्या कमाईची भाकर खात आणि बोलत नसत. पुन्हा हात उचलला नाही, पण ओट्यावरच्या त्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वस्तीत कुठलीही गोष्ट सांगायला लागले की बाया एकमेकींकडे बघायच्या. मारोतीची बायको म्हणती म्हणजे अर्धं धरायचं. पाण्याला जायची माझी हिंमत त्यांनी मान्य केली, पण माझा शब्द खोटाच राहिला. तीन वर्षं मी ते पोटात घेऊन वल्हं मारलं.

तीन वर्षं सरली, पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी बंदी उठली. सगळी वस्ती काठावर होती. तराफ्यांना हळदकुंकू, नारळ, पोरांचा गलका. मी पूजा करून तराफ्यावर बसलेच होते, तेवढ्यात गर्दीने वाट सोडली. मालक आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, हात मोकळे. सरळ पाण्याशी येऊन म्हणाले, "उतर."

"काहून?"

"माझी सजा सरली. बराबर तीन साल झाले."

"सजा सरली असल. तराफा माझा हाय."

कोणीतरी हसलं. ते हसणं त्यांना काठीसारखं लागलं असणार, कारण ते तसेच मांडीभर पाण्यात आले आणि ट्यूबच्या दोराला हात घातला. "उतर म्हनलं नं!" दुसरा हात वर गेला. तोच हात, तोच तळवा, आणि तीच सगळी माणसं बघत असलेली.

मी वल्हं त्यांच्या बोटांवर मारलं, दोर धरलेल्या. नख फाटलं. त्यांनी दोर सोडला नाही. मी पुन्हा मारलं. वर गेलेला हात तसाच वर राहिला.

"जाळं कुनी टाकलं व्हतं?" मी विचारलं.

मी तिसऱ्यांदा मारलं, पहिल्या दोनांपेक्षा जोरात. दोरावरून रक्त ओघळून पाण्यात गेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर गेलेला हात खाली आला. मग माझ्यापुरतं, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पान्यानं नेलं व्हतं."

"मला ठावं हाय. तिकडं तोंड करून म्हना."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत कोणी त्यांच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मग वळले. रुंद पाठ माझ्याकडे, तोंड वस्तीकडे, आणि एक हात अजून माझ्या दोरावर. एकदम ओरडले, जनावर ओरडतं तसे.

"जाळं पान्यानं नेलं व्हतं! ही खरं बोलली व्हती! खोटा मी व्हतो!"

सोपान ज्या दगडावर बसला होता तिथंच मान खाली घालून बसून राहिला. मला दया आली नाही. ती यायला हवी होती असं आत्याबाई पुढे म्हणाल्या, पण आली नाही. मला बरं वाटलं, खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं.

मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आता ह्याच्यासंगं कोन बसल?"

कोणी पुढे आलं नाही. त्यांचे जुने सोबती, भाऊबंद, सगळे आपापल्या तराफ्याकडे बघत राहिले. ते पाण्यात उभे होते, ज्याच्यासाठी मार खाल्ला, तीन साल खोटं बोलले, ते पाणी मांडीला लागत होतं, आणि त्यांना आत न्यायला अख्ख्या वस्तीत एक माणूस नव्हता.

मी सरकले आणि पुढची जागा मोकळी केली. ते चढले. फुटलेली बोटं पोटाशी धरून बसले, आणि माझ्याकडे न बघता सवयीने दुसरा हात वल्ह्यासाठी मागे केला.

मी वल्हं दिलं नाही.